भीक दिल्याचा दंड

लॉन्ड्रीवाल्या मावशींनी उभ्या आयुष्यात कुणाला भीक घातली नव्हती, आणि ही गोष्ट त्या लपवतही नसत. त्यांच्या दुकानावरून जाणारा प्रत्येक मागणारा एकदा तरी काउंटरपाशी थांबला होता, त्याची उलटतपासणी झाली होती आणि तो रिकाम्या हाताने पुढे गेला होता. एक गृहस्थ यायचे. पाकीट मारलं गेलंय, गावी जायला तिकिटापुरते द्या, अशी त्यांची अडचण. ही अडचण त्यांना वर्षानुवर्षं होती.

"अजून गेला नाहीत?" मावशी कोटाची बटणं तपासत विचारायच्या. "की जाऊन आलात, आणि तिकडेही पाकीट मारलं?"

एक बाई होती, ती आधी आशीर्वाद द्यायची आणि पैसे नाही मिळाले की दिलेला आशीर्वाद परत घ्यायची. मावशींनी तिला शांतपणे सांगितलं होतं, "माल परत घ्यायचा असेल तर पावती लागते. आणलीये का?" ती बाई इतकी गोंधळली की आशीर्वाद तसाच ठेवून गेली.

पण या सगळ्यांत मावशींचा खरा सामना असायचा तो जावयाशी.

तो कुणाचाच जावई नव्हता. लॉन्ड्रीला लागून चपलांचं एक बंद पडलेलं दुकान होतं, त्याच्या पायरीवर तो बसायचा. साठीचा माणूस, केस पाणी लावून चापून बसवलेले, अंगात दोन मापं मोठा कोट. सगळे त्याला जावई म्हणायचे, कारण त्याचा थाटच तसा होता. मिळेल ते तो मुकाट्याने घेतोय असं कधी व्हायचं नाही. कुणी न बघता नाणं फेकलं तर तो हाक मारून परत द्यायचा. "अहो साहेब, कबुतरांना दाणे टाकताय का? माणूस बसलाय इथे. बघून द्या." काही लोक चिडून नाणं परत घेऊन जायचे. बरेचसे शरमून दुप्पट द्यायचे.

रोज सकाळी मावशी दुकानाचं शटर वर ढकलायच्या आणि जावई घसा साफ करायचा.

"मावशी, आज काहीतरी द्याच. उद्या मी मरणार आहे."

"मग उद्या ये. आजच कशाला घाई?"

"मेल्यावर कसा येणार?"

"तेच म्हणतेय मी."

दुसऱ्या दिवशी तो काहीतरी नवीन काढायचा. सासूबाईंना विमानाने फिरायला न्यायचंय. कोट धुवायला टाकायचाय, पण तुमच्याकडेच टाकीन, म्हणजे पैसे घरातल्या घरात. मावशी प्रत्येक कारण उलटंपालटं करून बघायच्या, शिवण कुठे उसवलीय ते दाखवायच्या आणि एक पैसा न देता आत जायच्या. एकदा तो तापाने आठवडाभर आला नाही, तेव्हा मावशींनी एका गिऱ्हाइकाची कॉलर इस्त्रीखाली जाळली आणि वर गिऱ्हाइकावरच ओरडल्या. त्यांची भावजय तेव्हा कपड्यांना नंबराच्या चिठ्ठ्या लावत होती. ती हळूच म्हणाली, "वन्सं, भांडायला कुणी नाही ना, म्हणून होतंय हे."

"तू चिठ्ठ्या लाव," मावशी म्हणाल्या.

मावशींचं घर दुकानाच्याच वर होतं. त्या, धाकटा भाऊ आणि भावजय. वडील गेले तेव्हा भाऊ शाळेत होता. मावशींनी दुकान अंगावर घेतलं, भावाला शिकवलं, त्याचं लग्न करून दिलं, आणि स्वतःचं राहून गेलं ते राहूनच गेलं. या सगळ्यात त्यांनी कुणापुढे हात पसरला नाही. मामांपुढे नाही, काकांपुढे नाही. त्यामुळे हात पसरणारं माणूस दिसलं की त्यांच्या कपाळाला आठ्या पडायच्या. भाऊ मात्र स्वभावाने गरीब. नगर कार्यालयात पाणीपट्टीच्या खात्यात कारकून होता आणि साहेबांच्या केबिनवरून जातानाही बुटांचा आवाज होऊ द्यायचा नाही.

त्याच कार्यालयाने एक दिवस चौकात फलक लावला. रस्त्यावर भीक मागणं हा गुन्हा, आणि भीक देणं हाही गुन्हा. मागणाऱ्याला हाकलून देणार, देणाऱ्याला दंड.

फलकामागोमाग खाकी कपड्यातला एक माणूस आला. गळ्यात शिट्टी, हातात पावतीपुस्तक. त्याने पहिल्या दिवशी आशीर्वादवाल्या बाईला पळवून लावलं. दुसऱ्या दिवशी तो जावयाच्या पायरीपाशी आला, त्याच्या बसायच्या पुठ्ठ्याला बुटाच्या टोकाने ढकललं आणि म्हणाला, "चल, ऊठ. दिसलास परत तर गाडीत घालून गावाबाहेर सोडीन."

जावई उठला. कोट झटकला. "गाडीतून? मग खिडकीजवळची जागा द्या," तो म्हणाला, पण त्याचा आवाज नेहमीचा नव्हता.

मावशी काउंटरवरून बघत होत्या. शिट्टीवाला त्यांच्याकडे वळून गोड हसला.

"तुमच्यासाठीच चाललंय हे, मावशी. गिऱ्हाइकांना त्रास व्हायचा ना?"

"मी कधी तक्रार केली?"

"तुम्ही कशाला कराल? तुमचं नाव ऐकलंय मी. एक पैसा कधी दिला नाही म्हणे. असे नागरिक पाहिजेत. सगळे तुमच्यासारखे वागले असते तर हा फलक लावायची वेळच आली नसती."

हे कौतुक मावशींना असं झोंबलं की कुणी शिवी दिली असती तरी परवडलं असतं. त्या एक पैसा द्यायच्या नाहीत ते त्यांची मर्जी म्हणून. समोरच्याला बोलून, बघून, त्याचं ऐकून घेऊन. या माणसाने त्यांच्या मर्जीचा नियम करून टाकला होता आणि तो स्वतःच्या खिशात घातला होता.

त्यांनी गल्ला उघडला. एक कोरी नोट काढली. काउंटरची फळी वर केली आणि पदर खोचून बाहेर आल्या.

"ए जावया," त्या म्हणाल्या, "हे घे."

जावई दोन पावलं मागे सरला. "मावशी, बरं नाही का तुम्हाला?"

"घे म्हणते ना!"

"नाही हो. मला पचायचं नाही. इतक्या वर्षांची सवय आहे."

"घेतोस की कानाखाली वाजवू?"

शिट्टीवाला आ वासून बघत होता. जावयाने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा नोटेकडे. मग कोटाची कॉलर नीट केली. "असं कसं घेऊ? आधी कारण सांगायची रीत आहे. मावशी, आज माझा वाढदिवस आहे आणि घरी कुणाला आठवण नाही."

"खोटं बोलतोस," मावशी म्हणाल्या आणि नोट त्याच्या हातावर ठेवली. "शतायुषी हो."

शिट्टी वाजली. एवढ्या जवळ वाजली की मावशींच्या कानात दडे बसले. त्यांनी पावती घेतली, तिची घडी केली आणि आत जाऊन राहिलेल्या शर्टांना इस्त्री करायला घेतली.

संध्याकाळी भाऊ घरी आला तो पांढराफटक पडून. बातमी त्याच्या टेबलापर्यंत आधीच पोचली होती.

"ताई, काय केलंस हे! मी त्याच इमारतीत बसतो गं!"

"तू पाणी बघतोस. मी पाणी नाही दिलं."

"चेष्टा सुचतेय तुला? उद्या साहेबांपुढे सुनावणी आहे. मी एकाला विचारून आलोय. तू एवढंच म्हण की तो कपड्यांचं गाठोडं उचलायला मदत करतो, त्याची मजुरी दिली. मजुरी दिलेली चालते. संपला विषय."

"त्याने माझं गाठोडं जन्मात उचललेलं नाही. मी खोटं का बोलू?"

"मग काय सांगणार?"

"भीक दिली, असं सांगणार. चांगली वाजवून दिली."

भाऊ खुर्चीत बसला तो डोकं धरूनच. भावजयीने त्याच्यापुढे ताट ठेवलं आणि आत जाऊन तोंडाला पदर लावून हसली. मग बाहेर येऊन गंभीरपणे म्हणाली, "वन्सं, उद्या दुकान मी बघते."

सुनावणीचे साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांना सर्दी झाली होती आणि लवकर उरकायचं होतं. त्यांनी कागद वाचला, मग मावशींना बसायला सांगितलं.

"हे बघा बाई, तुम्ही प्रतिष्ठित दुकानदार आहात. चूक झाली, पुन्हा होणार नाही, असं दोन ओळी लिहून द्या. मी दंड माफ करतो."

"चूक नाही झाली."

"म्हणजे तुम्ही दिलेच नाहीत?"

"दिले ना. समजून उमजून दिले. शिंक आली म्हणून हातून सुटले असं नाही झालं."

साहेबांनी रुमालाने नाक पुसलं. "मग दंड भरा."

"माझ्या कष्टाचे पैसे मी असल्या दंडात घालणार नाही."

"अहो, मग भरणार कुठून?"

मावशी इथे जरा थांबल्या. इथपर्यंत त्या ठरवून आल्या होत्या, याच्या पुढचं त्यांनी ठरवलंच नव्हतं. खिडकीतून त्यांना फाटकाबाहेर जावई दिसला. तो रस्त्यापलीकडे झाडाखाली उभा राहून इमारतीकडे टक लावून बघत होता.

"लोकांकडून मागून भरीन," त्या म्हणाल्या. "तुमच्याच दारात."

आणि त्या खाली उतरल्या आणि कार्यालयाच्या फाटकापाशी, जिथे लोकांची जा-ये होती तिथे, खांबाला पाठ लावून जमिनीवर बसल्या.

बसणं सोपं होतं. पण पहिला माणूस समोरून आला, मावशींनी हात थोडा उचलला आणि घशातून आवाजच निघेना. गिऱ्हाइकाला चार गल्ल्यांत ऐकू जाईल असं झापणाऱ्या मावशी, त्यांची जीभ टाळूला चिकटली. तो माणूस निघून गेला. मग दुसरा. उठावं आणि घरी जावं, गल्ल्यातून पैसे आणून तोंडावर फेकावेत, असं त्यांच्या मनात आलं. त्या उठल्याही असत्या.

तेवढ्यात जावई रस्ता ओलांडून आला आणि त्यांच्यापुढे उकिडवा बसला.

"हात असा नाही धरायचा, मावशी. काउंटरवर कपडे घ्यायला धरता तसा धरलाय. लोक त्यात शर्ट टाकतील."

"मग कसा?"

"जरा खाली. आणि चेहरा थोडा पाडा."

"चेहरा असाच आहे माझा."

"बरं, असू दे. कारण काय सांगणार?"

"खरं तेच."

जावयाने तोंड वाकडं केलं. "खऱ्याला कुणी विचारत नाही. पण बघा."

मावशींनी डोळे मिटले, श्वास घेतला आणि ओरडल्या, "भीक दिल्याचा दंड झालाय! तो भरायचाय! घाला काहीतरी!"

आवाज इतका मोठा निघाला की फाटकावरची कबुतरं उडाली. एक चष्मेवाला माणूस चालता चालता खिशात हात घालून, पुढेच बघत, एक नाणं टाकून गेला. ते मावशींच्या मांडीवरून घरंगळत गटाराकडे गेलं.

"अहो, ओ चष्मेवाले!" मावशी कडाडल्या. "नाणं टाकलंत ना? मग इकडे बघून टाका! मी काय पत्रपेटी आहे?"

जावई खूश होऊन मांडीवर थाप मारत हसला. चष्मेवाला परत आला. त्याने मावशींकडे पाहिलं, मग नीट पाहिलं. "अहो, तुम्ही लॉन्ड्रीवाल्या! माझा कोट तुमच्याकडे आहे."

"तयार आहे. बाही आतून उसवली होती, शिवून ठेवलीय. आता वाकून ते नाणं उचला आणि हातात द्या."

त्याने उचललं, दिलं, वर दुसरंही दिलं आणि काय भानगड आहे ते विचारलं. मावशींनी सांगितलं. तो तिथेच उभा राहिला आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सगळं सांगू लागला.

मग लोक थांबायला लागले. कुणी हसायचं, कुणी द्यायचं, कुणी नुसता सल्ला द्यायचं. एक बाई पर्स छातीशी धरून म्हणाली, "चांगल्या धडधाकट दिसता की! काम का नाही करत?"

हे वाक्य मावशींच्या ओळखीचं होतं. काउंटरवरून त्यांनी ते कितीतरी जणांना ऐकवलं होतं, आणि दर वेळी ते त्यांना अगदी बिनतोड वाटलं होतं. खालून ऐकलं तर त्यात उत्तराची वाटच नव्हती.

"काम करते," त्या म्हणाल्या. "तुमच्या या स्कर्टची शिलाई तिरकी गेलीय. दुकानात या, सरळ करून देते. पैसे घेईन. इथे मात्र मागतेय. द्यायचे तर द्या, नाहीतर ऊन अडवू नका."

बाईने खाली स्कर्टकडे पाहिलं, घाईघाईने पर्स उघडली.

आणि शिट्टी वाजली.

"देणाऱ्याला दंड!" शिट्टीवाला धावत आला. मावशींना उठवायची त्याची छाती झाली नाही. त्याने स्कर्टवाल्या बाईला पावती दिली, चष्मेवाल्याला दिली, समोरच्या सलूनमधून मजा बघायला येऊन नाणं टाकलेल्या न्हाव्यालाही दिली. न्हाव्याने पावती वाचली, गळ्यातला टॉवेल काढून जमिनीवर अंथरला आणि मावशींच्या शेजारी बसला.

"हे काय?" शिट्टीवाल्याने विचारलं.

"दंड भरायला नकोत का पैसे?" न्हावी म्हणाला आणि हात पुढे केला. "दादा, तुम्हीच सुरुवात करा."

चष्मेवाला त्याच्या पलीकडे बसला. स्कर्टवाली बाई बराच वेळ उभी होती. मग तिने रुमाल पसरला आणि, "मी फक्त पाच मिनिटं बसणार आहे," असं सगळ्यांना बजावून बसली. जो कुणी यांना द्यायचा त्याला पावती मिळायची, आणि ज्याला पावती मिळायची तो रांगेत येऊन टेकायचा. जावई सगळ्यांपुढून फिरत होता. "तुम्ही हसू नका, हसणाऱ्याला कुणी देत नाही. तुम्ही पाय आत घ्या, लोक अडखळतील. बाई, तुमचं चांगलं चाललंय."

शिट्टीवाल्याच्या कपाळावरून घाम ओघळत होता. त्याची पाचावर धारण बसली होती, कारण पावतीपुस्तक संपत आलं होतं आणि लोक संपत नव्हते.

दुपारची सुट्टी झाली. कार्यालयाच्या पायऱ्यांवरून कारकून उतरू लागले. त्यांत मावशींचा भाऊ होता. सकाळपासून तो वरच्या खिडकीतून बघत होता, हे मावशींना माहीत होतं. त्यांनी मुद्दाम वर पाहिलं नव्हतं, त्याला अवघड वाटेल म्हणून. आता तो मान खाली घालून, भिंतीच्या कडेकडेने चालत येत होता. तसाच पुढे निघून जाईल असं त्यांना वाटलं, आणि गेला तर राग धरायचा नाही असंही त्यांनी मनाशी ठरवून टाकलं.

तो त्यांच्यापुढे थांबला. बहीण जमिनीवर बसलेली आणि आपण उभे, असं त्याच्या आयुष्यात कधी झालं नसावं. त्याला हात कुठे ठेवावा ते कळेना.

"ताई," तो म्हणाला, "किती झाले?"

"विचारू नकोस. द्यायचं तर दे."

त्याने पाकीट काढलं. शिट्टीवाला पुढे झाला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "अहो, तुम्ही तर आपल्यातलेच. कशाला नसती आफत? मी बघितलं नाही, जा तुम्ही."

भावाने पाकिटातली सगळ्यांत मोठी नोट ताईच्या हातावर ठेवली आणि तिची मूठ मिटली. मग तो शिट्टीवाल्याकडे वळला.

"बघितलं नाही म्हणजे काय?" त्याचा आवाज चिरकला, पण लहान झाला नाही. "फाड पावती. माझं नाव नीट लिही. पाणीपट्टी विभाग, तेही लिही."

रांगेत टाळ्या वाजल्या. मावशींनी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्यांनी नाक ओढलं आणि साहेबांची सर्दी लागली म्हणाल्या.

थोड्या वेळाने त्या ओटीतली नाणी सावरत वर गेल्या आणि दंडाच्या खिडकीवर ती ओतली. खिडकीतल्या माणसाला सगळं मोजावं लागलं. साहेब स्वतः केबिनबाहेर येऊन उभे राहिले.

"झालं तुमच्या मनासारखं?" ते म्हणाले. "आता तरी लिहून देता का, पुन्हा करणार नाही म्हणून?"

"पुन्हा करीन की नाही ते माझं मला अजून माहीत नाही," मावशी म्हणाल्या. "कदाचित नाही करणार. मला द्यायची सवय नाही. पण कुणाला द्यायचं, कुणाला नाही, ते माझं मी बघेन. तुम्ही वाफारा घ्या."

साहेबांनी खिडकीतून खाली पाहिलं. रांग आता कोपऱ्यापर्यंत गेली होती. त्यांनी शिट्टीवाल्याला वर बोलावून घेतलं. काय बोलणं झालं ते कुणी ऐकलं नाही, पण तो परत आला तेव्हा गळ्यात शिट्टी नव्हती, आणि तो मागच्या दाराने गेला.

त्यानंतर फलक कुणी काढला नाही. तो अजून चौकात आहे, पावसाने अक्षरं पुसट झालीत. पावत्या मात्र कुणी फाडत नाही. भावाला महिन्याभरात तळमजल्यावर जुन्या फायलींच्या खोलीत हलवलं. तिथे ऊन येत नाही आणि बढतीही येत नाही. पण कार्यालयात आलेले लोक वाट वाकडी करून त्याला बघून जातात, आणि तो चालतो तेव्हा आता बूट वाजतात. भावजय म्हणते, टाचेला खिळे मारून घेतलेत.

पण हे सगळं नंतरचं. त्या दुपारी दंड भरून मावशी खाली आल्या तेव्हा जावई फाटकाशी उभा होता.

"झालं ना? चला मग," तो म्हणाला. "गिऱ्हाइकं खोळंबली असतील."

मावशींनी रांगेकडे पाहिलं. स्कर्टवाली बाई अजून बसलेली होती. न्हाव्याच्या टॉवेलवर जेमतेम चार नाणी होती. भाऊ चष्मेवाल्याच्या शेजारी, गुडघे छातीशी घेऊन, शाळेतल्या पोरासारखा बसला होता. त्याचा हात पुढे होता, पण तोंडातून शब्द फुटत नव्हता.

"यांचे अजून भरायचेत," मावशी म्हणाल्या. त्यांनी पदर सावरला आणि भावाच्या बाजूला जागा करून बसल्या. "सरक जरा. आणि तो हात खाली घे, त्यात लोक शर्ट टाकतील."